आंत्रविकास आणि हॉर्मोने

सस्तन प्राण्याच्या पिलाचे आतडे जन्मापूर्वी, स्तन्यपानाच्या काळात व अंगावरचे दूध सुटताना ज्या रचनात्मक व कार्यात्मक बदलांतून जाते, त्यांस एकत्रितपणे आंत्रविकास म्हणतात. या बदलांचा मूळ आराखडा आतड्याच्या कोशिकांतील (पेशींतील) जनुकांमध्ये असतो. ते बदल केव्हा सुरू व्हावेत व किती वेगाने पूर्ण व्हावेत, हे ठरविण्यात मात्र हॉर्मोनांचा (अंतःस्रावी ग्रंथींतून सरळ रक्तात मिसळणाऱ्या उत्तेजक स्रावांचा) मोठा वाटा असतो. अधिवृक्क ग्रंथींच्या (मूत्रपिंडांच्या वरच्या टोकांशी असणाऱ्या ग्रंथींच्या) बाह्यकातून स्रवणारी ग्लुकोकॉर्टिकॉइडे व अवटू ग्रंथीतून स्रवणारे थायरॉक्सिन ही यांतील प्रमुख हॉर्मोने होत. आतड्यातच तयार होणारी व आईच्या दुधातून पिलास मिळणारी काही हॉर्मोने आणि वृद्धिकारक द्रव्ये त्यांना पूरक ठरतात. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाची पचनशक्ती, नवजात वासराला चिकातून मिळणारी रोगप्रतिकारक्षमता इ. महत्त्वाचे प्रश्न या विषयाशी निगडित आहेत.

आहारातील दोन संक्रमणे : गर्भाचे पोषण अपरेमार्फत (वारेमार्फत) आईच्या रक्तातून होत असल्याने त्या काळात आतड्यावर पचनाचा भार जवळजवळ नसतो. गर्भ आपल्याभोवतीचे गर्भजल गिळतो, परंतु त्यापासून त्याला पोषण फारसे मिळत नाही. जन्म होताच ही व्यवस्था एकदम तुटते आणि काही तासांतच आतड्याला दुधातील वसा, प्रथिने व दुग्धशर्करा यांचे पचन व शोषण करावे लागते. हे पहिले संक्रमण होय. दुसरे संक्रमण दूध सुटताना होते. दुधाऐवजी स्टार्च, ऊस-शर्करा आणि वनस्पतिज वा प्राणिज प्रथिने असलेला घन आहार सुरू होतो व त्यासाठी वेगळी एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणण्यास मदत करणारी प्रथिने) लागतात. नवा आहार येऊन पोहोचण्यापूर्वीच आतड्याची तयारी झालेली असावी लागते. त्यामुळे ही तयारी केवळ आहाराच्या चेतनेवर सोपविलेली नसते, तिच्यामागे शरीरांतर्गत संकेतांची योजना असते. हॉर्मोने ही या संकेतांचा महत्त्वाचा भाग होत.

आतड्याची रचना : लहान आतड्याच्या आतील पृष्ठभागावर बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांना रसांकुर म्हणतात. रसांकुरांवर शोषक कोशिकांचा एकेरी थर असतो आणि प्रत्येक शोषक कोशिकेच्या पोकळीकडील पृष्ठावर अतिसूक्ष्म प्रवर्धांची दाट किनार असते. दुग्धशर्करेचे विघटन करणारे लॅक्टेज, ऊस-शर्करेचे विघटन करणारे सुक्रेज, तसेच माल्टेज, अल्कलाइन फॉस्फेटेज इ. एंझाइमे या किनारीत असतात. रसांकुरांच्या तळाशी नळीसारख्या खोलगट ग्रंथी असतात, त्यांस गर्तिका म्हणतात. गर्तिकांमध्ये कोशिकांचे सतत विभाजन होऊन नव्या कोशिका रसांकुरावर सरकत जातात व अखेरीस त्याच्या टोकावरून गळून पडतात. प्रौढ उंदरात या प्रवासाला दोन ते तीन दिवस लागतात. दूध पिणाऱ्या पिलात विभाजनाचा वेग कमी असल्याने हा काळ बराच अधिक असतो. आतड्याचे अस्तर असे सतत नवे होत असते व म्हणूनच त्याचे स्वरूप थोड्या दिवसांत आमूलाग्र बदलू शकते. हॉर्मोनांचा परिणाम प्रामुख्याने गर्तिकेतील अपक्व कोशिकांवर होतो.

उंदराच्या पिलातील बदल : या विषयातील बहुतेक माहिती प्रयोगशाळेतील मोठा पांढरा उंदीर (पुढील विवेचनात ‘उंदीर’) आणि त्याहून लहान असलेला मूषक यांच्या अभ्यासातून मिळाली आहे. उंदराचा गर्भावधी सु. २१ ते २२ दिवसांचा असून पिले जन्मतः आंधळी, केसरहित व पूर्णतः परावलंबी असतात. पहिले दोन आठवडे ती केवळ दुधावर वाढतात. तिसऱ्या आठवड्यात ती घन आहाराला तोंड लावू लागतात व चौथ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत दूध पूर्णपणे सुटते.

जन्मतः पिलाच्या आतड्यात लॅक्टेजाची क्रियाशीलता भरपूर असते व सुक्रेज जवळजवळ नसते. सुक्रेज सोळाव्या दिवसाच्या सुमारास दिसू लागते व चौथ्या आठवड्याच्या अखेरीस प्रौढ पातळी गाठते. याच काळात लॅक्टेज घटत जाते व माल्टेज वाढते. आतड्याच्या शेवटच्या भागातील कोशिकांत दूध पिण्याच्या काळात मोठ्या रिक्तिका (द्रवाने भरलेल्या पोकळ्या) असतात व त्यांत दुधातील प्रथिने कोशिकेच्या आत घेऊन पचविली जातात. दूध सुटताना या कोशिकांची जागा रिक्तिका नसलेल्या कोशिका घेतात. गर्तिका खोल होतात, कोशिकाविभाजनाचा वेग वाढतो आणि अखंड स्वरूपातील प्रथिन रेणू आतड्यातून रक्तात जाणे थांबते. सारांश, जन्मानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात आतड्याचे एक रूप जाऊन दुसरे येते.

प्रायोगिक पुरावा : या बदलांमागे हॉर्मोने आहेत, हे प्रथम अमेरिकन जीववैज्ञानिक फ्लॉरेन्स मूग यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. मूषकाच्या पिलांच्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील अल्कलाइन फॉस्फेटेज तिसऱ्या आठवड्यात वाढते. अधिवृक्क बाह्यकाचे हॉर्मोन वा त्या बाह्यकास उत्तेजित करणारे पोष ग्रंथीचे हॉर्मोन टोचल्यास ही वाढ वेळेआधीच घडून येते, असे त्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. आर्. हॅलिडे यांनी १९५९ मध्ये दाखविले की, स्टेरॉइड हॉर्मोने दिलेल्या उंदराच्या पिलांची दुधातील प्रतिपिंडे (रोगकारकांचा प्रतिकार करणारी विशिष्ट प्रथिने) शोषून घेण्याची क्षमता अकाली संपते. १९६४ मध्ये आर्. जी. डोएल व नॉर्मन क्रेचमर यांनी दूध पिणाऱ्या उंदराच्या पिलांना हायड्रोकॉर्टिसोन टोचले, तेव्हा ऊस-शर्करेचे विघटन करणारे एंझाइम त्यांच्या आतड्यात मुदतीपूर्वीच प्रकट झाले. या पिलांनी ऊस-शर्करा कधी चाखलेलीही नसते. त्यामुळे एंझाइम निर्माण होण्यास त्या शर्करेची उपस्थिती आवश्यक नाही, हेही सिद्ध झाले.

बाहेरून दिलेल्या हॉर्मोनाचा परिणाम दिसला, तरी निसर्गात तेच हॉर्मोन ते कार्य करते असे त्यावरून लगेच म्हणता येत नाही. त्यासाठी त्याची रक्तातील पातळी योग्य वेळी वाढते काय, हे पाहावे लागते. सूझन हेनिंग यांनी १९७८ मध्ये उंदराच्या पिलांच्या रक्तद्रवातील कॉर्टिकोस्टेरोन (उंदरातील प्रमुख ग्लुकोकॉर्टिकॉइड) वयोमानानुसार मोजले. पहिल्या दोन आठवड्यांत ते अत्यल्प असते आणि या काळात ताणाला अधिवृक्क ग्रंथी देत असलेला प्रतिसादही मंद असतो. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस त्याची पातळी झपाट्याने चढू लागते व चौथ्या आठवड्यात उच्चांक गाठते. प्रथिनांशी न बांधलेल्या, म्हणजे प्रत्यक्ष क्रियाशील असलेल्या, हॉर्मोनाचे प्रमाणही या वेळी वाढते. सुक्रेजाचे आगमन या चढाच्या पाठोपाठ होते.

पिलांना वेळेआधी आईपासून तोडून घन आहारावर ठेवल्यासही सुक्रेज लवकर वाढते. हा आहाराचा परिणाम असावा असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु अधिवृक्क ग्रंथी काढून टाकलेल्या पिलांत तो दिसत नाही, असे ओटाकार कोल्दोव्स्की या चेक वंशाच्या शरीरक्रियावैज्ञानिकांच्या प्रयोगशाळेत १९८० मध्ये आढळून आले. म्हणजे अकाली ताटातुटीचा ताण अधिवृक्क ग्रंथींमार्फत आतड्यापर्यंत पोहोचतो. उलटपक्षी घन आहार न देता पिलांना दुधावरच ठेवले, तरी सुक्रेज यावयाचे थांबत नाही.

अवटू ग्रंथीचे कार्य : उंदराच्या पिलात थायरॉक्सिनाची पातळी कॉर्टिकोस्टेरोनाच्या आधी, पहिल्या आठवड्याच्या अखेरीपासून चढू लागते. ते स्वतंत्रपणे व अधिवृक्क ग्रंथीद्वारे अशा दोन मार्गांनी आतड्यावर परिणाम करते. अवटू ग्रंथीचा स्राव कमी असलेल्या पिलांत कॉर्टिकोस्टेरोनाची वाढ मंदावते व परिणामी सुक्रेजही उशिरा येते. लॅक्टेजाच्या घटीशी थायरॉक्सिनाचा संबंध अधिक निकटचा आहे. के. वाय. ये व मूग यांनी १९७४ मध्ये दाखविले की, पोष ग्रंथी काढलेल्या पिलांत लॅक्टेज वयानुसार घटत नाही, पण थायरॉक्सिन दिल्यास ते घटते. दोन्ही हॉर्मोने एकत्र असताना आतड्याचे परिपक्वन सर्वांत पूर्णत्वाने होते.

अवटू हॉर्मोनाचे हे कार्य सस्तन प्राण्यांपुरते मर्यादित नाही. १९१२ मध्ये जे. एफ्. गुडरनाच यांनी बेडकाच्या डिंभांना (भैरांना) अवटू ग्रंथीचे ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) खाऊ घातले असता त्यांचे रूपांतरण वेळेआधीच घडून आले. या रूपांतरणात शैवले खाणाऱ्या डिंभाचे लांबलचक आतडे आखूड होते, त्याचे जुने अस्तर नष्ट होते व मांसाहारी बेडकाला योग्य असे नवे अस्तर तयार होते. सस्तन पिलाचे दूध सुटतानाचा आंत्रविकास हा या रूपांतरणाशी साम्य असलेला, पण सौम्य स्वरूपाचा बदल मानता येईल.

आतड्याचे अंगभूत कालमापन : हॉर्मोनांचे महत्त्व मान्य केले, तरी त्यांना या बदलांचे एकमेव कारण मानता येत नाही. अधिवृक्क ग्रंथी काढलेल्या पिलांतही सुक्रेज अखेर येतेच, मात्र त्याची वाढ सावकाश होते. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मूषकाच्या गर्भाच्या आतड्याचे तुकडे त्याच वंशाच्या प्रौढ मूषकाच्या शरीरात रोपण केले गेले. या तुकड्यांना दूध वा अन्न यांचा स्पर्शही होत नव्हता. तरीही त्यांत आधी स्तन्यपानाच्या काळातील व नंतर प्रौढ स्वरूपाची एंझाइमे क्रमाने दिसून आली. गर्भावस्थेतच आतड्याला पुढील क्रम ठाऊक असतो, असा याचा अर्थ होतो.

या अंगभूत क्रमामागील एक घटक २०११ मध्ये दोन स्वतंत्र संशोधक गटांनी मूषकात ओळखला. ब्लिंप-१ हे इतर जनुकांचे कार्य दाबून ठेवणारे प्रथिन गर्भातील व दूध पिणाऱ्या पिलाच्या आंत्रकोशिकांत विपुल असते आणि दूध सुटण्याच्या सुमारास नाहीसे होते. आतड्यात ते तयारच होणार नाही अशी जनुकीय योजना केलेल्या मूषकांत जन्मापासूनच प्रौढ स्वरूपाचे आतडे दिसते. अशी पिले नीट वाढत नाहीत व त्यांतील पुष्कळशी मरतात. यावरून दूध पिण्याच्या काळातील आतड्याचे रूप हे प्रौढ रूपाची केवळ अपुरी अवस्था नसून त्या वयाला आवश्यक असे स्वतंत्र रूप आहे, हे स्पष्ट होते. परिपक्वन लवकर होणे हे नेहमीच हितकारक नसते.

हॉर्मोनांना मिळणारा प्रतिसादही वयावर अवलंबून असतो. उंदराच्या पिलात पहिल्या दोन आठवड्यांत दिलेले ग्लुकोकॉर्टिकॉइड प्रभावी ठरते. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीनंतर ते दिल्याने सुक्रेजात विशेष भर पडत नाही आणि प्रौढात अधिवृक्क ग्रंथी काढल्याने सुक्रेज नाहीसेही होत नाही. हॉर्मोनाला ऐकण्याचा असा एक ठराविक कालखंड असतो व तो आतड्याच्या अंगभूत क्रमाने ठरतो.

क्रियेची यंत्रणा : ग्लुकोकॉर्टिकॉइडांचे रेणू वसेत विरघळणारे असल्याने कोशिकापटलातून सहज आत जातात व तेथील विशिष्ट ग्राही प्रथिनांशी संयोग पावतात. हा संयोग कोशिकेच्या केंद्रकात जाऊन डीएनएच्या ठराविक भागांशी जोडला जातो व त्यामुळे काही जनुकांचे कार्य वाढते, तर काहींचे कमी होते. थायरॉक्सिनापासून बनणाऱ्या अधिक प्रभावी हॉर्मोनाचे ग्राही केंद्रकातच असतात. असे असूनही हॉर्मोन टोचल्यापासून सुक्रेज दिसू लागेपर्यंत सु. एक दिवस जातो आणि ते प्रथम रसांकुरांच्या तळाशी व नंतर क्रमाने टोकाकडे दिसते. रसांकुरावर आधीच असलेल्या कोशिका आपले स्वरूप बदलत नाहीत. गर्तिकेत हॉर्मोनाचा प्रभाव झालेल्या नव्या कोशिका वर येऊन त्यांची जागा घेतात, हे त्याचे कारण होय.

प्रतिपिंडांचे शोषण व आतडे ‘मिटणे’ : नवजात पिलाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा अननुभवी असते. त्याला पहिले संरक्षण आईच्या प्रतिपिंडांपासून मिळते. ही प्रतिपिंडे पिलापर्यंत पोहोचण्याचे मार्ग जातीनुसार भिन्न आहेत. मानवात ती अपरेतून गर्भावस्थेतच येतात. उंदीर व मूषक यांत काही प्रतिपिंडे जन्मापूर्वी व बरीचशी जन्मानंतर दुधातून मिळतात. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर व घोडा यांच्या अपरेतून ती जवळजवळ जाऊच शकत नाहीत. त्यामुळे त्यांची पिले या बाबतीत सर्वस्वी चिकावर (प्रसूतीनंतरच्या पहिल्या दाट दुधावर) अवलंबून असतात. प्रतिपिंडांचे अखंड रेणू आतड्यातून रक्तात जाण्याचे थांबते, तेव्हा आतडे ‘मिटले’ असे म्हणतात.

उंदराच्या पिलात हे शोषण निवडक असते. एफ्. डब्ल्यू. आर्. ब्रँबेल या ब्रिटिश प्राणिवैज्ञानिकांनी आंत्रकोशिकांत यासाठी खास ग्राही असला पाहिजे, असे अनुमान केले होते. १९८९ मध्ये एन्. ई. सिमिस्टर व के. ई. मोस्टॉव्ह यांनी या ग्राहीचे जनुक वेगळे करून त्या अनुमानाला दुजोरा दिला. हा ग्राही तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस आतड्यातून जवळजवळ नाहीसा होतो व ग्लुकोकॉर्टिकॉइडांमुळे हा क्षण अलीकडे येतो. खुरी प्राण्यांत मात्र शोषण निवडक नसते. गर्भावस्थेत तयार झालेल्या आंत्रकोशिका चिकातील सर्वच प्रथिने कोशिकापानाने (द्रवाचे लहान थेंब आत ओढून घेण्याच्या क्रियेने) शोषतात व ही क्षमता एक ते दीड दिवसातच संपते. डुकराच्या पिलाला काहीच पाजले नाही, तर मिटण्याची क्रिया लांबते. वासराच्या बाबतीत अशी लांबण फारच थोडी असते. या प्राण्यांत जन्माच्या वेळी कॉर्टिसॉलाचा चढ झालेला असतो. डुकराच्या गर्भावरील प्रयोगांत या चढामुळे आतड्याची शोषणक्षमता वाढत असल्याचे दिसून आले आहे. म्हणजे एकच हॉर्मोन उंदराच्या पिलात दार मिटविण्यास मदत करते, तर डुकराच्या पिलात ते उघडे असताना अधिकाधिक प्रतिपिंडे आत घेण्यास मदत करते.

पशुपालनात या ज्ञानाला थेट व्यावहारिक मोल आहे. वासराच्या आतड्याची शोषणक्षमता जन्मानंतरच्या पहिल्या सहा तासांत सर्वाधिक असते व चोवीस तासांनंतर ती जवळजवळ शून्य होते. ग्रामीण भागात पुष्कळ ठिकाणी गाय-म्हशीची वार पडेपर्यंत वासराला आचळाला लावत नाहीत. वार पडण्यास कित्येक तास लागू शकतात आणि तेवढा मौल्यवान काळ वाया जातो. चीक सर्वच्या सर्व काढून खरवसासाठी वापरला, तरी तोच परिणाम होतो. असे वासरू प्रारंभी धडधाकट दिसते. परंतु त्याच्या रक्तात प्रतिपिंडे नसल्याने पहिल्या काही आठवड्यांत हगवण, फुप्फुसशोथ किंवा जंतुरक्तता यांना ते सहज बळी पडते. दुसऱ्या दिवशी भरपूर चीक पाजून ही उणीव भरून काढता येत नाही. म्हणून जन्मानंतर एक-दोन तासांत पहिला चीक पाजावा व पहिल्या बारा तासांत वासराच्या वजनाच्या सु. एक दशांश एवढा चीक त्याच्या पोटात जावा, असा सर्वसाधारण नियम सांगितला जातो. २५ किग्रॅ. वजनाच्या वासराला या हिशोबाने सु. अडीच लिटर चीक लागतो. तेवढा दिल्यावर उरलेल्या चिकाचा खरवस करण्यास हरकत नाही.

जन्माची तयारी : जन्मतःच डोळे उघडे असलेल्या व लगेच उभे राहणाऱ्या पिलांत आंत्रविकासाचा मोठा भाग गर्भावस्थेतच उरकलेला असतो. मेंढीचा गर्भावधी सु. १४७ दिवसांचा व डुकराचा सु. ११४ दिवसांचा असतो. दोन्हींत गर्भाच्या रक्तातील कॉर्टिसॉल अखेरच्या दिवसांत झपाट्याने वाढते. न्यूझीलंडमधील जी. सी. लिगिन्झ यांनी १९६० नंतरच्या दशकात दाखविले की, मेंढीत प्रसूती सुरू करणारा संकेत गर्भाच्याच अधिवृक्क ग्रंथींकडून येतो. हाच संकेत फुप्फुसे, यकृत व आतडे यांनाही बाहेरच्या जगासाठी तयार करतो. मुदतीपूर्वी डुकराच्या गर्भाला कॉर्टिसॉल दिल्यास त्याच्या आतड्यातील लॅक्टेज, माल्टेज इ. एंझाइमे वाढतात. प्रसूतीचा व अवयवांच्या परिपक्वनाचा संकेत एकच असल्याने दोन्ही घटनांची वेळ साधली जाते. प्रसूती अकाली झाली, तर नेमका हा मेळ चुकतो.

मानवातील आंत्रविकास : मानवात उंदराच्या तिसऱ्या आठवड्यातील बदलांपैकी बरेचसे गर्भावस्थेत पुष्कळ आधी घडतात. रसांकुर गर्भावस्थेच्या तिसऱ्या महिन्यात तयार होतात. सुक्रेजही त्याच सुमारास दिसू लागते व जन्माच्या वेळी ते पुरेशा प्रमाणात असते. लॅक्टेज मात्र उशिरा वाढते. २६ ते ३४ आठवड्यांच्या गर्भात ते पूर्ण दिवसांच्या अर्भकाच्या सु. ३०% एवढेच असते व अखेरच्या आठवड्यांत ते पूर्ण पातळीला पोहोचते. त्यामुळे सुक्रेजाबाबत उंदरातील निष्कर्ष मानवाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. बालपणानंतर होणारी लॅक्टेजाची घट मुख्यत्वे आनुवंशिक घटकांवर अवलंबून असते. काही मानवसमूहांत ती होतच नाही व अशा व्यक्ती प्रौढपणीही दूध सहज पचवू शकतात.

अपुऱ्या दिवसांच्या अर्भकात आतड्याची हालचाल सुसंबद्ध नसते, श्लेष्मल आवरण तोकडे असते व अस्तरातून नको ते पदार्थ आत शिरण्याचा संभव अधिक असतो. आतड्याच्या भित्तीचा काही भाग शोथ (दाहयुक्त सूज) येऊन मृत होण्याचा गंभीर विकार अशा अर्भकांत उद्‌भवतो. त्यास ऊतकमृत्युजन्य आंत्रशोथ म्हणतात. १९७२ मध्ये लिगिन्झ व आर्. एन्. हाउई यांनी मुदतीपूर्वी प्रसूत होण्याचा संभव असलेल्या स्त्रियांना बीटामेथासोन हे संश्लेषित ग्लुकोकॉर्टिकॉइड देऊन अर्भकांतील श्वसनाचा विकार व मृत्यू यांचे प्रमाण घटते, असे दाखविले. पुढील अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून या उपचाराने ऊतकमृत्युजन्य आंत्रशोथाचे प्रमाणही कमी होते, असे निष्पन्न झाले. भारतात यासाठी डेक्सामेथासोन वापरले जाते.

हीच औषधे जन्मानंतर लगेच अर्भकाला दिल्यास मात्र चित्र बदलते. विशेषतः इंडोमेथॅसिन या औषधाबरोबर ती दिली असता आतड्याला छिद्र पडण्याचा धोका वाढतो, असे चाचण्यांत आढळले व त्यामुळे काही चाचण्या थांबवाव्या लागल्या. पहिल्या आठवड्यात दिलेल्या डेक्सामेथासोनाचा मेंदूच्या विकासावर अनिष्ट परिणाम होतो, असेही दिसून आले आहे. ग्लुकोकॉर्टिकॉइडे कोशिकांच्या विशेषीकरणाला चालना देतात, पण त्याच वेळी शरीराच्या एकूण वाढीला आवर घालतात. म्हणून त्यांची मात्रा, वेळ व कालावधी यांना अत्यंत महत्त्व आहे.

आतड्यातील व दुधातील हॉर्मोने : इतिहासदृष्ट्या पहिले ओळखले गेलेले हॉर्मोन आतड्यातीलच होते. डब्ल्यू. एम्. बेलिस व ई. एच्. स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये सिक्रेटिनाचा शोध लावला आणि १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी ‘हॉर्मोन’ ही संज्ञा वापरली. आंत्रविकासाच्या दृष्टीने या गटातील ग्लुकॅगॉनसदृश पेप्टाइड-२ विशेष महत्त्वाचे आहे. अन्न आतड्यात पोहोचल्यावर ते स्रवते व गर्तिकांतील कोशिकाविभाजन वाढविते. त्याचा हा परिणाम डॅनिएल ड्रकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखविला. त्यावरून तयार केलेले टेड्युग्लुटाइड हे औषध आतड्याचा मोठा भाग गमावलेल्या रुग्णांसाठी २०१२ पासून अमेरिकेत वापरात आहे. अर्भकाला केवळ शिरेवाटे पोषण दिल्यास आतड्याचे अस्तर क्षीण होते, याचे एक कारण अन्नाअभावी अशा हॉर्मोनांचा स्राव घटणे हे होय. म्हणूनच अगदी लहान अर्भकालाही शक्य तितक्या लवकर आईचे दूध थोड्या प्रमाणात देण्याची पद्धत रूढ झाली आहे.

चीक व दूध यांत इन्शुलीन, इन्शुलीनसदृश वृद्धिकारक व अधिस्तर वृद्धिकारक ही द्रव्ये असतात. अधिस्तर वृद्धिकारकाचा शोध स्टॅन्ली कोएन यांनी १९६२ मध्ये मूषकाच्या लाला ग्रंथीत लावला. ते टोचलेल्या पिलांचे डोळे वेळेआधी उघडतात, या निरीक्षणातून तो लागला. या कार्याबद्दल कोएन यांना रीता लेव्ही-मॉन्तालचीनी यांच्यासमवेत १९८६ चे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रौढाच्या पोटात ही प्रथिनयुक्त द्रव्ये पचून नष्ट होतात. दूध पिणाऱ्या पिलाच्या जठरात अम्ल व प्रथिनभंजक एंझाइमे कमी असल्याने ती बऱ्याच अंशी आतड्यापर्यंत टिकून राहतात. दूध सुटण्याच्या वेळी ग्लुकोकॉर्टिकॉइडांच्या प्रभावाने जठर व अग्निपिंड यांची पाचक एंझाइमेही वाढतात व आईकडून दुधावाटे येणारा हा रासायनिक संदेश तेव्हा थांबतो.

ऊतकमृत्युजन्य आंत्रशोथाचे प्रमाण कृत्रिम दुधावर वाढणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांत अधिक व आईच्या दुधावर वाढणाऱ्यांत कमी आढळते. दुधातील प्रतिपिंडे, विशिष्ट शर्करा व वृद्धिकारक द्रव्ये या सर्वांचा त्यात वाटा आहे. गर्भाशयातील अखेरचे आठवडे हुकलेल्या आतड्याला त्या काळातील संकेतांची पूर्ण भरपाई औषधांनी करता येत नाही. प्रसूतीपूर्वी वेळेवर दिलेले ग्लुकोकॉर्टिकॉइड व जन्मानंतर लवकर सुरू केलेले आईचे दूध हे तिच्या जवळ जाणारे, उपलब्ध असलेले दोन उपाय होत.